कानांची रजा

बाबा एरवी उन्हाळ्यात येत. त्या वर्षी ते कापसाच्या हंगामात आले, आगाऊ पत्र न पाठवता आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. देवळीच्या एसटी स्टँडवरून ते चालत घरी पोचले तेव्हा मी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही. मी उठून उभी राहिले तेव्हा त्यांनी मला पाहिलं आणि ते हसले. आत्या दारातच होती. यशोदाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडे राहायची आणि घरातलं निम्म्याहून जास्त बोलणं एकटीच बोलायची. तिने भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काऊन रे दौलत, देवळीत कापूस कमी पडला का? तिकडून कानात भरून आनला?"

बाबांनी एक बोळा काढून "काय म्हनते?" असं विचारलं. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी बोळा परत घातला. आई आतून आली, तिने त्यांच्या हातातली रेक्झिनची बॅग घेतली. कानांबद्दल तिने काही विचारलं नाही. ते तिने जेवणं झाल्यावर विचारलं.

बाबा नौदलात होते. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात या वाक्याचा नेमका अर्थ कोणाला लागत नसे. गावात सांगितलं जायचं की दौलत समुद्रावर विमान चालवतो. बाबा दर रजेत ही चूक दुरुस्त करायचे. "मी चालवत नाई. मी मांग बसतो." मागे बसून काय करतोस, याचं उत्तर एका शब्दाचं असे: "आयकतो." ऐकणारा हसायचा, कारण ऐकायचा पगार मिळतो हे कोणाला खरं वाटत नसे. कोणी विचारी, "वरून समुद्र कसा दिसते?" तर त्याचंही उत्तर बाबांकडे नव्हतं. त्यांच्या जागेला खिडकी नव्हती. दहा-दहा तास समुद्रावर फिरूनही त्यांनी विमानातून समुद्र फारसा पाहिलेला नव्हता. घरातही ते जास्त बोलत नसत. शाळेतल्या मुली वडिलांच्या रागाबद्दल सांगायच्या. माझ्याकडे सांगायला वडिलांची शांतता होती, आणि तीही वर्षातून एकदाच यायची.

त्या संध्याकाळी जे कळलं ते असं. वार्षिक तपासणीत बाबांना बारीक, वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू आले होते. इंजिनांच्या आवाजाने कान थकले असतील, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. तीन आठवडे विमानांपासून लांब राहायचं, कानांना आराम द्यायचा, परत आल्यावर पुन्हा तपासणी. ती पार पडली तर आपल्या जागेवर. नाही तर उडणं बंद.

"बंद म्हनजे?" आईने विचारलं.

"बंद म्हनजे जमिनीवर. गोदामात, नाई तं हापिसात. मंग दोन-तीन सालात घरी."

आई बराच वेळ ताटं एकमेकांत घालत राहिली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि त्यांतली किती वर्षं नवरा घरात होता, हे ती कोणाला सांगत नसे. मग ती म्हणाली, "मंग कानाले आराम देऊ."

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर गप्प झालं. कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंग घरापासून फार लांब नव्हती. सकाळी यंत्रं सुरू झाली की दिवसभर एक जाड घरघर हवेत असायची आणि कापसाचे तंतू परसातल्या तारेवर, तुळईवर, पाण्याच्या घागरीवर येऊन बसायचे. ती घरघर थांबवणं आमच्या हातात नव्हतं. बाकी सगळं होतं. प्रेशर कुकर माळ्यावर गेला आणि तुरीची डाळ पातेल्यात दोन-दोन तास शिजू लागली. ठेचा खलबत्त्यात कुटायचा नाही. आई पाट्यावर मिरच्या हळूहळू रगडायची आणि वरवंटा उचलून ठेवताना खाली फडकं घालायची. बादलीखाली पोतं आलं. रेडिओ बंद. संध्याकाळची वंदना आम्ही तसबिरींसमोर बसून मनातल्या मनात म्हणायचो. पाचही शीलं ओठ न हलवता. कढीगोळे, पातोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, सगळं तसंच होत होतं, पण स्वयंपाकघरातून येणारा वास तेवढा येई, आवाज येत नसे. आईच्या हातांत हिरव्या बांगड्या असत. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही हातांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर पदराच्या चिंध्या बांधल्या. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं.

खरी शिक्षा आत्याला होती. दिवसातून दोनदा ती उठून म्हणायची, "मी जरा बोलून येते," आणि शेजारच्या अंगणात जाऊन मोठ्याने तासभर बोलून यायची. परतल्यावर बोटांवर चालायची. "मी काय मुक्याच्या घरी येऊन राह्यली का वं?" ती माझ्या कानाशी कुजबुजायची. "त्याच्या कानाले आराम, आन् माह्या तोंडाले काऊन?"

माझे कान आता बाबांच्या त्या वेळच्या कानांपेक्षा जुने झाले आहेत. माझ्या नागपूरच्या घरात कपडे धुण्याचं यंत्र काम संपल्यावर बारीक शिटी वाजवतं. ती ऐकू आली की मी हातातलं काम थांबवते आणि खरोखर ऐकू आली का, हे जाऊन पाहून येते.

गावाबाहेर आमचं तुरीचं वावर होतं. तिथे जिनिंगची घरघर पोचत नसे. रोज सकाळी मला शाळेत जायच्या आधी बाबा तिकडे घेऊन जायचे, आणि तिथेच, बांधावर बसून, त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम समजावून सांगितलं. जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढंच. मी नववीत होते.

"समज, अंधारात एक मानूस टॉर्च फिरवून राह्यला," ते म्हणाले. "त्याले त्या उजेडात समोरचं दिसते. बरोबर? पन त्याले जेथवर दिसते, त्याच्याहून कितीतरी लांबून त्याचा टॉर्च दिसते. जहाजावरचं राडार म्हनजे तो टॉर्च. आमी अंधारात बसतो. आमचा टॉर्च बंद."

"मंग तुमाले दिसते?"

"दिसत नाई. आयकू येते. राडार गोल फिरते. आपल्याकडे तोंड झालं का कानात टिंग करते. पुन्हा फिरून येते, पुन्हा टिंग. कोनाचं चार सेकंदानं, कोनाचं सहानं. कोनाचा आवाज जाडा, कोनाचा बारीक. त्याच्यावरून सांगाचं का हे जहाज कोनाचं, कोन्या जातीचं, कोनीकडे. आपल्या लोकायनं त्याले पाह्यलं बी नसते, तवा आमाले तो मालूम असते."

"आन् त्याले तुमी मालूम नसता."

"आमी काई बोलतच नाई ना," बाबा म्हणाले. "जो बोलला तो सापडला."

ते थोडं पुढे सांगायचे, मग थांबायचे, आणि थांबलेलं मी समजून घ्यायची. एक गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली: कानाने आवाजाच्या मागे धावायचं नाही. आवाज किती वेळाने येतो ते एकदा कळलं की कान आधीच तिथे जाऊन उभा पाहिजे. त्यांच्या विमान-पथकातल्या जुन्या माणसांना नवीन मुलांपेक्षा जास्त ऐकू येई त्याचं कारण हेच, असं ते म्हणाले.

त्या पथकाबद्दल छापील जे मिळतं ते मी पुढे वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना गोळा केलं. ते फार नाही. विमानं मुळात समुद्रावर नुसती नजर ठेवायला आणलेली. त्यांच्या पोटात ऐकण्याची यंत्रं नंतर, थोडी थोडी करत बसवली गेली. सुरुवातीला कानाला हेडफोन आणि हातात पेन्सिल एवढीच सामग्री. पडदे नंतर आले, आकडे स्वतः लिहिणारी यंत्रं त्याहून नंतर. शांततेच्या काळात पथकाचं काम यादी करण्याचं. कुठलं राडार कोणत्या आवाजाचं, हे वर्षानुवर्षं नोंदवून ठेवायचं, म्हणजे लढाईच्या दिवशी पहिल्याच आवाजाला नाव देता येतं. लढाईत दुसरं काम, समोरच्याच्या राडारवर गोंगाट फेकून त्याला आंधळं करायचं. बाबांच्या वाट्याला मुख्यतः पहिलं आलं. ती विमानं आता उडत नाहीत. त्यांतलं एक समुद्रकाठी उभं करून ठेवलं आहे. तिकीट काढून आत जाता येतं. मी गेले होते. शाळेची सहल आलेली होती, मुलं चालकाच्या जागेपुढे रांगेत उभी राहून फोटो काढत होती. बाबांची जागा कोणती असेल ते मी शोधलं. डाव्या बाजूला, खिडकी नसलेल्या भिंतीकडे तोंड करून एक खुर्ची होती. तिच्यासमोर रांग नव्हती.

आल्यानंतर दोन दिवसांतच बाबांनी साबणाच्या डबीत एक यंत्र बनवलं. चौकोनी बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, जुन्या रेडिओतला लहान स्पीकर, वर एक बटण आणि आवाज कमी-जास्त करायची चकती. बटण दाबलं की तारेसारखा बारीक, उंच आवाज निघायचा. वावरात ते माझ्याकडे पाठ करून बांधावर बसायचे. मी वीस पावलांवर तुरीत. मी बटण दाबायचं, त्यांना ऐकू आलं की त्यांनी उजव्या हाताचं बोट वर करायचं. दर दोन दिवसांनी चकती थोडी कमी करायची. वहीत दोन रकाने: दाबलं, बोट. "ठरून दाबू नको," त्यांनी बजावलं होतं. "मनात येईन तसं दाब."

पहिल्या आठवड्यात वहीत रिकाम्या जागा बऱ्याच होत्या. मी दाबायची, आवाज मला स्पष्ट ऐकू यायचा, आणि बांधावरचा हात मांडीवरच राहायचा. दुसऱ्या आठवड्यात रिकाम्या जागा भरू लागल्या. चकती खाली जात होती आणि बोट वर येत होतं. दहापैकी सात, मग आठ, मग एके दिवशी दहापैकी दहा. त्या दिवशी आम्ही घरी आलो ते बाबा पुढे आणि मी मागे पळत. आईने वही हातात घेऊन पाहिली. तिने रोडग्यांचा बेत केला. परसात गोवऱ्यांचा विस्तव करून त्यात रोडगे भाजले, वांग्याची भाजी, वरणात हात सैल सोडून तूप. आत्याने एक रोडगा फोडून त्यात बोट घातलं, "कान बरे होऊन राह्यले तं मी थोडी बोलू का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बोलत सुटली. कोणी तिला थांबवलं नाही. बाबा जेवता जेवता हसत होते. आईही हसत होती, फक्त तिने स्वतःच्या ताटात एकच रोडगा घेतला होता आणि तोही संपवला नाही.

सोळाव्या दिवशी वायर सुटली.

मी बटण दाबलं आणि आवाज आला नाही. डबीच्या झाकणाखाली बॅटरीची लाल वायर सोल्डरच्या टाक्यातून निघून आली होती. मी ती बोटाने जागेवर धरायला वाकले, आणि वाकता वाकता बांधाकडे पाहिलं. बाबांचं बोट वर होतं.

मला वाटलं, मागच्या आवाजाचं असेल. मी थांबले. वायर तशीच लोंबत ठेवून पुन्हा बटण दाबलं. काही आवाज नाही. बोट वर गेलं. मी आणखी थोडा वेळ घालवून पुन्हा दाबलं. पुन्हा वर. त्यांची पाठ माझ्याकडे होती, डोळे मिटलेले असणार, आणि ते लक्ष देऊन, मनापासून ऐकत होते.

मी मनात येईल तसं दाबत होते, असं मला वाटत होतं. मनात येईल त्यालाही एक चाल असते. आठ मोजून एक, मग पाच मोजून एक, मग पुन्हा आठ. हे मलाच माहीत नव्हतं. बाबांच्या कानांनी ते दुसऱ्या आठवड्यातच ओळखलं होतं. वीस वर्षांच्या सवयीने ते आधीच तिथे जाऊन उभे राहत होते, आणि आवाज आला नाही तरी त्यांना तो आलेला होता. रिकाम्या जागा कान बरे झाल्यामुळे भरल्या नव्हत्या.

एकाच वेळच्या पाहण्यावर विसंबायचं नाही, हे मला पुढे वर्तमानपत्रात शिकवलं गेलं. त्या वेळी ते मी भीतीपोटी केलं. दुसऱ्या सकाळी मी वायर मुद्दाम काढून ठेवली, मधे मधे जोडली, मधे मधे काढली, आणि वहीत मुक्या डबीच्या नोंदीपुढे एक लहान गोल काढला. गोलांपुढेही बोटाच्या खुणा जवळपास सगळ्या होत्या. त्या संध्याकाळी तसबिरींसमोर बसून मी शीलं म्हणत होते तेव्हा खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि मी ते घाईने ओलांडून पाचव्यावर गेले.

मला सांगायचं नव्हतं असं नाही. माझी अडचण वेगळी होती. बाबांनी घरी राहावं असं मला कळतंय तेव्हापासून वाटत होतं. आता मी जे सांगणार होते त्यातून नेमकं तेच होणार होतं. म्हणून ते मी खरं म्हणून सांगतेय की मला हवं म्हणून, हे मला ठरवता येईना. आणि न सांगावं, तर तिथल्या तपासणीतही कोणी तरी बटणच दाबणार होतं. त्याच्या दाबण्यालाही चाल असणार होती. बाबा पास होणार होते.

मी आईला सांगितलं. ती परसात भांडी घासत होती. तिने सगळं ऐकलं. मग राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "हे मी सांगू शकत नाई, सुजा. मी सांगतलं तं त्यायले वाटन, बायकोनं डाव साधला. सोळा सालापासून मी वाट पाहून राह्यली, हे काय त्यायले मालूम नाई?" तिने तवा पालथा घातला, हळूच, आवाज न करता. "तू त्यायची नोंद ठेवनारी व्हय. तू सांग. आन् त्यायच्याकडे पाहून सांगजो. खाली पाहून नाई."

निघायला दोन दिवस उरले होते. सकाळी वावरात गेलो. मी वायर काढूनच सुरुवात केली, दहा वेळा बटण दाबलं, बोट नऊदा वर गेलं. मग मी उठून बांधावर गेले आणि डबी त्यांच्यासमोर ठेवली. लाल वायर बाहेर लोंबत होती. बाबांनी डोळे उघडले, डबी उचलली, टाका पाहिला.

"सुटली का? केव्हा?"

"सुरुवातीपासून सुटलेलीच हाय."

"आज?"

"आज. काल बी. परवा आपोआप सुटली होती. काल मी मुद्दाम काढली."

मी त्यांच्याकडे पाहून सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, मी वही दिली. गोल कशाचे ते सांगितलं. त्यांनी एक एक नोंद बोटाने खाली सरकत पाहिली. माझी प्रगती-पुस्तकं ते अशीच पाहायचे. शेवटच्या पानापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्या गोलावर आले.

"मले आयकू आलं होतं," ते म्हणाले.

"हो बाबा."

"अंदाजानं नाई. खरंच आयकू आलं होतं."

"मले मालूम हाय."

तुरीत किडे बारीक आवाजात किरकिरत होते. मला ते ऐकू येत होते. त्यांना येत होते का, हे मी विचारलं नाही. मग ते बोलू लागले तेव्हा ते माझ्याशी बोलत आहेत की पथकातल्या कोणाशी, ते कळत नव्हतं.

"बहिऱ्या मानसाची भीती नाई. तो सांगते, मले आयकू येत नाई, दुसऱ्याले बसवा. पन हे..." त्यांनी वहीवर हात ठेवला. "जहाजावरचं राडार चालू असते तवा काई भेव नसते, सुजा. ते एकदम बंद झालं, का समजाचं, हा आता काईतरी करनार. ते बंद होनंच आमाले पकडाचं असते. त्याच्यासाठीच बसवलं हाय आमाले. आन् तवा मी काय म्हनन? मी म्हनन, चालू हाय साहेब. मांग बाकीचे पोट्टे बसते विमानात. ते माह्यावर भरोसा ठेवून पुढे जातीन."

मी म्हणाले, "तिकडच्या तपासनीत तुमी पास होऊन जासान."

"होऊन जाईन," ते म्हणाले. "तेच तं."

मग त्यांनी खिशातून चाकू काढला, लाल वायरचं टोक सोललं, तारा पिळून जागेवर घट्ट बसवल्या, बटण दाबून डबी माझ्या कानाजवळ धरली. "येते?" मी मान हलवली. त्यांनी डबी माझ्या दप्तरात ठेवली. उठताना म्हणाले, "दोन दिवस तू हे एकटीच घेऊन फिरली का?"

"आईले सांगतलं होतं."

"ते काय म्हनली?"

"मले सांग म्हनली. तुमच्याकडे पाहून सांग म्हनली."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घरापर्यंत काढला नाही. रस्त्यात भेटणाऱ्यांना ते दुसऱ्या हाताने राम-राम, जयभीम करत होते.

घरी त्यांनी आईला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. ते दोघं परसात होते. आई आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. मला वाटलं होतं, असेल. तिने बाबांना वाढलं, त्यांच्यासमोर बसली आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उठली नाही. आत्याने दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झालं काय? कोन्ही मले सांगन का? का मी शेजारी जाऊन इचारू?" बाबा म्हणाले, "तू मोठ्यानं बोल बाई. आता काई फरक पडत नाई." आत्याला त्या परवानगीचं काही करता आलं नाही. ती संध्याकाळपर्यंत गप्प होती.

ते ठरल्या दिवशी गेले. आई स्टँडवर आली नाही, ती कधीच येत नसे. वर्ध्याची बस लागलेली होती. चढताना त्यांनी मला वही मागितली. मी म्हणाले, त्यात मागच्या पानांवर भूगोलाचं लिहिलेलं आहे. त्यांनी पुढची पानं तेवढी नीट फाडून घेतली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि उरलेली वही परत केली. तपासणीच्या आधीच डॉक्टरसमोर ती पानं ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. बस सुटली तेव्हा ते खिडकीशी होते.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. तोपर्यंत त्यांची सगळी पत्रं आईच्या नावावर यायची आणि त्यांत माझ्यासाठी शेवटी एक ओळ असायची. या अंतर्देशीय पत्रावर माझं नाव होतं. अक्षर नेहमीसारखं, सरळ, रेघ न आखता ओळीत. डॉक्टरांनी पानं पाहिली, हसले नाहीत, असं लिहिलं होतं. उडणं बंद झालं आहे, हे एका वाक्यात होतं. त्यांची खुर्ची आता ज्याला दिली तो चांगला मुलगा आहे, त्याला त्यांनी सगळं समजावून सांगितलं आहे, आवाज नसतो तेव्हा नाही म्हणायला शिक, हेही. आईला जप, आत्याला बोलू दे. त्याखाली, थोडी जागा सोडून:

"आज सकाळी आमचं विमान गेलं. मी मैदानाच्या कडेला उभा राहून पाहत होतो. समुद्रावर गेल्यावर ते दिसेनासं झालं. त्यानंतरही मला ते बराच वेळ ऐकू येत होतं. खरंच येत होतं की नाही, हे सांगायला तू जवळ नव्हतीस."